हॅम, गूळ आणि देग

मराठवाड्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळला हॅम शिजतो असे मी लिहिले, तर मराठवाड्यातलेच ख्रिस्ती वाचक मला खरमरीत पत्रे पाठवतील, आणि त्यांचे बरोबर असेल. आमच्या जालन्याकडे नाताळ म्हणजे करंज्या, शंकरपाळे, चकल्या आणि अनारसे. चोवीसच्या रात्री पेटी-तबला घेऊन घरोघर फिरणारी गायनाची मंडळी, पंचवीसला सकाळची उपासना आणि दुपारी मटण. फराळाची ताटे शेजारीपाजारी जातात आणि ती रिकामी परत येत नाहीत. दिवाळीत आणि आमच्या सणात फरक एवढाच, की आमच्या आकाशकंदिलाला पाच टोके असतात. या यादीत डुकराच्या मांसाला जागा नाही. ती का नाही, आणि गेल्या नाताळात आमच्या घरी ती कशी करावी लागली, ते आज सांगायचे आहे.

माझी मुलगी पंधरा वर्षांपासून अमेरिकेत आहे. तिथे नाताळच्या जेवणात हॅम असतो, निदान तिच्या मुलांच्या मते तरी त्याशिवाय नाताळ होत नाही. कित्येक वर्षांनी सगळे मिळून जालन्याला येणार असे ठरले, तेव्हा तेरा वर्षांच्या नातीने फोनवर जाहीर करून टाकले, की या वेळी जेवण ती करणार आणि हॅम करणार. माझ्या पत्नीने फोन माझ्या हातात दिला आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. बँकेत असताना अवघड कर्जाचा कागदही असाच माझ्या टेबलावर येत असे.

हॅम म्हणजे डुकराची मागची मांडी, मिठात मुरवून टिकवलेली. थंड मुलुखात हिवाळ्याच्या तोंडावर डुक्कर कापायचे, कारण पुढे त्याला खायला घालणे परवडत नाही, आणि थंडीच्या भरवशावर मांस मिठात घालायचे, ही युरोपातल्या शेतकऱ्याची जुनी रीत. ते मुरून तयार होईपर्यंत नाताळ येतो. ख्रिस्ती धर्म तिथे पोचण्याच्या आधीपासून उत्तरेकडचे लोक मध्यहिवाळ्यात फ्रेयर या देवाला रानडुक्कर अर्पण करीत. देव बदलला, पण पान बदलले नाही. स्वीडन आणि फिनलंडमध्ये आजही नाताळचे मुख्य पक्वान्न हॅमच. चीनमधल्या जिन्हुआ गावचा हॅम तर शतकानुशतके प्रसिद्ध आहे, आणि त्याचा येशूच्या जन्माशी काही संबंध नाही. थंडी, मीठ आणि डुक्कर ही तीन जिथे जमली तिथे हॅम झाला.

आमच्याकडे यातले मीठ तेवढे होते. डिसेंबरात जालन्याला रात्री अंगावर गोधडी लागते हे खरे, पण दुपारी ऊन्ह असे पडते की मांस उघड्यावर मुरवण्याचा विचारही करू नये. मिठाचे पाणी हाडापर्यंत पोचायला दिवस लागतात आणि तोवर हाडाजवळचा भाग आतून नासतो. शीतकपाट घराघरांत येईपर्यंत दख्खनच्या पठारावर हॅम तयार होणे शक्यच नव्हते. जालन्याच्या छावणीतले गोरे अधिकारी नाताळला हॅम खात असतील, तर तो बहुधा डब्यातून आलेला. त्या काळी मद्रास फौजेतला एक कर्नल ‘वायव्हर्न’ या टोपणनावाने स्वयंपाकावर लिहीत असे. त्याचे पुस्तक १८७८ चे. हिंदुस्थानातल्या साहेबांच्या मेजवान्यांत विलायती डबे उघडण्याचा जो सोस होता, त्याची तो यथेच्छ टिंगल करतो. ताजे चांगले समोर असताना दूरचे शिळे मागवण्यात प्रतिष्ठा वाटणे, हा रोग काही फक्त आपलाच नव्हे.

हॅमचा गुलाबी रंग येतो सोऱ्यामुळे. साधे मीठ लावलेले मांस शिजले की करडे पडते. मिठात चिमूटभर सोरा असेल तर ते गुलाबी राहते. याचे कारण १९०१ मध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने उलगडले. सोऱ्यापासून नायट्राइट बनते, आणि ते मांसातल्या लाल द्रव्याशी असे जखडते, की उष्णतेनेही रंग जात नाही. (याच हॉल्डेनचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात येऊन स्थायिक झाला आणि इथेच वारला.) हा सोरा युरोपला जायचा तो मोठ्या प्रमाणात बिहारमधून. कंपनी सरकार तो नेई ते हॅमसाठी नव्हे, बंदुकीच्या दारूसाठी. आमच्या जिल्ह्यात असई नावाचे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या दिवशी असईच्या रानात जो सोरा धडधडला, त्याचाच भाऊबंद विलायतेतल्या घरांत मांडीला लावला जात होता. जालन्याच्या इतिहासात हॅम शोधायचाच झाला, तर मला हा एवढाच धागा सापडतो.

आता खऱ्या कारणाकडे येतो. जालन्यातला ख्रिस्ती समाज डुक्कर का खात नाही? धर्म आड येत नाही. लेवीयच्या पुस्तकात डुक्कर अशुद्ध ठरवले आहे, पण प्रेषितांच्या कृत्यांत यापो गावच्या गच्चीवर पेत्राला जो दृष्टांत होतो, तिथे तो निर्बंध सुटतो. पाळक मंडळी हे शिकवतात, आणि लोक ‘आमेन’ म्हणून घरी जाऊन कोंबडी शिजवतात. कारण बायबलात नाही, गावात आहे.

आमच्याकडची मंडळी ज्यांनी उभी केली ते रेव्हरंड नारायण शेषाद्री जन्माने ब्राह्मण. १८४३ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. मुलगा लहान म्हणून न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले, आणि मग मुंबईत वादाचे मोहोळ उठले. पोराचे मत काय, हे कोणी फारसे विचारले नाही. प्रश्न होता तो मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या मुलाला पुन्हा पंक्तीत घ्यायचे का. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत घ्यावे अशी बाजू घेतली, तर सनातनी मंडळी बाळशास्त्रींवरच उलटली. पुढे १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्याबद्दल रानडे आणि टिळकांवरही प्रायश्चित्ताचा प्रसंग आला. बिस्किटाने एवढे होत असेल, तर मांडीने काय झाले असते!

नारायण शेषाद्री पुढे निजामाच्या मुलुखात, जालन्याला आले. दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी बेथेल ही वसाहत बसवली. १८७३ मध्ये न्यूयॉर्कला ख्रिस्ती मंडळ्यांची जागतिक परिषद भरली, तिथे जाऊन भाषण देणारा हा जालन्याचा माणूस. पण बेथेलमध्ये त्यांच्याभोवती जमले ते मुख्यतः मांग समाजातले लोक. गावकुसाबाहेरच्या माणसाला स्वतःचे घर, शाळा आणि विहीर मिळाली. या लोकांनी नव्या आयुष्यात पहिली कोणती गोष्ट मागे टाकली असेल, तर जिच्यावरून गाव त्यांना हिणवीत असे ती. मेलेल्या जनावराचे मांस सोडले. डुकराकडे पाहणेही सोडले. त्यात भोवती निजामाचे राज्य, शेजार मुसलमानांचा. डुक्कर हा शब्द दोन्ही बाजूंनी शिवीच. साहेबाच्या टेबलावर हॅम ही प्रतिष्ठा होती, पण तेच मांस आमच्या ताटात पडले असते तर तो पुरावा ठरला असता. आमचे पूर्वज हे चांगले ओळखून होते.

माझी आत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. ती उमेदीची सगळी वर्षे नर्स होती. तिला मी नातीचा बेत सांगितला तेव्हा ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “त्या भांड्यात माझा भात लावू नका.” एवढेच.

हॅम जालन्यात मिळत नाही. जावई आणि मी पुण्याला गेलो आणि कॅम्पातून साडेचार किलोची, खारवलेली, हाडासकट मांडी बर्फाच्या खोक्यात घालून आणली. सरकारने एके काळी डुक्करपालनाला उत्तेजन म्हणून बोरिवली, हरिणघाटा, कूथाट्टुकुळम अशा ठिकाणी मांसप्रक्रियेचे कारखाने काढले होते, पण आपल्याकडे हा माल शहरातल्या ठराविक पेठांच्या बाहेर कधी फारसा पडला नाही. त्याचे भय सर्वस्वी खुळे होते असेही नाही. मोकाट फिरून घाण खाणाऱ्या डुकराच्या मांसातून पट्टकृमी पोटात जातो. मात्र लोकांची एक समजूत दुरुस्त केली पाहिजे. मेंदूत गाठी होऊन झटके येतात तो आजार डुक्कर खाल्ल्याने थेट होत नाही. ज्याच्या पोटात तो कृमी आहे त्याच्या विष्ठेतून अंडी पाण्यात आणि भाजीपाल्यावर जातात, आणि ती गिळणाऱ्याला हा आजार होतो. जन्मात मांस न शिवलेल्या माणसालाही तो होतो. बंदिस्त जागेत वाढवलेले जनावर आणि पुरते शिजलेले मांस असले, की कृमीची भीती उरत नाही. उरते ती दुसरीच. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने खारवलेले, धुरावलेले मांस कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत घातले. वर्षातून एकदा खायला हरकत नाही, रोज सकाळी पावात घालून नको, असे मी जावयाला सांगितले. तो हसला. तो रोज सकाळी खातो.

आता भट्टीचा प्रश्न. घरातल्या विजेच्या ओव्हनमध्ये मांडी मावेना. पूर्वी आमच्या घरची नानकटाई आणि केक गल्लीतल्या बेकरीत भाजून यायचा. ट्रे डोक्यावर घेऊन जायचे, संध्याकाळी आणायचे. बेकरीवाले मुसलमान. या कामासाठी त्यांच्याकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता, आणि नातीला ते समजवायला मला दोन वाक्येही लागली नाहीत. उरला जुना उपाय. अंगणात तीन दगड मांडायचे, पातेल्याच्या तळाला वाळू घालायची, आत उभे तिवईसारखे ठेवून त्यावर भांडे, वर जड झाकण आणि झाकणावर निखारे. बेकरी होण्याच्या आधी आमच्या आज्या केक असाच करीत.

पण एवढे मोठे पातेले कुठले? इथे खरी अडचण आली. दर नाताळला मटणाची बिर्याणी होते ती शेजारच्या सरांच्या देगेत. सर निवृत्त शिक्षक. आमच्या कंपाउंडला त्यांची भिंत लागून आहे. तीसहून अधिक वर्षे पंचवीस डिसेंबरला ते सहकुटुंब आमच्याकडे जेवतात आणि ईदेला शीरखुर्मा प्यायला आम्ही त्यांच्याकडे. मटण त्यांच्याच ओळखीच्या खाटकाकडून येते, म्हणजे कुणाला शंका नको. तेवीस तारखेला देग त्यांचा नातू न सांगता आणून ठेवतो. या वेळीही त्याने ती आणून ओसरीवर ठेवली. चकचकीत घासलेली, साडेचार किलोची मांडी सहज आडवी मावेल अशी. नात ती पाहून नाचायला लागली.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात एक मुद्दा आहे. अमुक पदार्थ खाण्यात पाप नाही हे कबूल, पण तुझ्या खाण्याने जर भावाला ठेच लागत असेल तर तू प्रेमाने चालला नाहीस. लहानपणापासून हे कितीदा ऐकले आहे. पण पौलाच्या ओसरीवर कुणी देग आणून ठेवली नव्हती. न सांगता वापरून, नंतर दहा वेळा घासून परत केली असती तर कुणालाही कळले नसते. न वापरता, न सांगता परत केली असती तर बोलायची वेळ आली नसती. दोन्ही मार्ग सोयीचे होते.

मी सरांकडे गेलो. म्हटले, “सर, या वेळी मुलं हॅम करणार आहेत. चोवीसच्या रात्री, घरातल्या घरात. पंचवीसचं जेवण नेहमीसारखंच. पण देग तोवर तुमच्याकडेच असू द्या.”

सर थोडा वेळ गप्प बसले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होते ते मी नेमके सांगू शकत नाही. राग नव्हता. मग म्हणाले, “साहेब, मटण कोणत्या भांड्यात शिजणार ते सांगा.”

“देगेतच. आणि ताटं या वेळी पत्रावळी.”

“पत्रावळी कशाला? आमच्याकडची ताटं आणतो.” पुन्हा थांबून म्हणाले, “सांगितलंत ते बरं केलं. देग पंचवीसला सकाळी पाठवतो.” चहा आला, तो प्यालो. नंतर पावसावर आणि मोसंबीच्या भावावर बोलणे झाले.

मोसंबीवरून आठवले. हॅमवर शेवटी जो गोड लेप चढवतात, त्यासाठी अमेरिकेत तपकिरी साखर, मध, डब्यातला अननस, काही घरांत कोकाकोलासुद्धा वापरतात. हवाईमध्ये डोलने १९०१ साली अननसाची कंपनी काढली, डबे घरोघर पोचले, आणि हॅमवर अननसाच्या चकत्या आल्या. कापलेला, साखरेचा लेप दिलेला तयार हॅम विकणारे दुकान डेट्रॉइटला १९५७ मध्ये निघाले. नात तसलाच काही डबा शोधत होती. माझ्या पत्नीने, जी इतके दिवस या प्रकरणापासून लांब होती, तिच्यापुढे गूळ आणि मोसंबी ठेवली. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आमच्या बागाइतदारांनी दुष्काळात टँकरच्या पाण्यावर जगवलेली ही झाडे. अमेरिकेतला अननस तिच्यापुढे काय!

रीत अशी. खारवलेली मांडी रात्रभर पाण्यात ठेवून जादा मीठ काढायचे. मग निखाऱ्यावर बेताच्या आचेने साधारण किलोला चाळीस मिनिटे. आम्ही शेवटी लोखंडी घमेली घेतली. दोन नवी, एकावर एक पालथे. मांडी तीन तासांत शिजली. वरची जाड कातडी सोलून काढली की पांढरी चरबी उघडी पडते. तिला सुरीने शंकरपाळ्यासारखे काप द्यायचे आणि प्रत्येक कापात एक लवंग टोचायची. शंकरपाळे म्हटल्यावर माझ्या पत्नीने सुरी नातीच्या हातातून काढून घेतली आणि ओळी सरळ पाडून दिल्या. मोसंबीच्या रसात गूळ विरघळवून, त्यात वाटलेली मोहरी घालून एकतारीच्या अलीकडचा पाक. तो मात्र शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांतच लावायचा, आधी लावला तर गूळ जळून कडवट होतो. तीनदा लेप, तीनदा झाकण. झाकणावरचे निखारे त्या वेळी तळाच्या निखाऱ्यांपेक्षा जास्त हवेत. वरच्या आचेने पाक फुगतो, तडतडतो आणि तांब्याच्या रंगावर येतो.

रात्री गायनाची मंडळी येऊन गेल्यावर आम्ही जेवायला बसलो. चव कशी होती? खारट, गोड, लवंगेचा झणका, चरबी तोंडात विरघळणारी. मला आवडली. पत्नीने अर्धा तुकडा खाल्ला आणि मोहरी कमी पडली असे सांगितले. आत्या समोर वरण-भात घेऊन बसली होती.

“तू का नाही खात?” नातीने विचारले. तिचे मराठी मोडके, पण प्रश्न सरळ.

आत्याने मुलीकडे पाहिले. मग सांगायला लागली. ती शाळेत असताना गावच्या आडावर त्यांना हात लावू देत नसत, कुणी वरून ओंजळीत पाणी घातले तर प्यायचे. एक दिवस घालणाऱ्या बाईने पाणी घालता घालता विचारले, तुम्ही डुक्कर खाता ना? ही म्हणाली, नाही. बाई म्हणाली, खातच असाल. “तेव्हापासून नाही खात,” आत्या म्हणाली. “आधीही नव्हते खात. पण तेव्हापासून *मी* नाही खात.”

मी सहासष्ट वर्षांचा आहे, कादंबऱ्या लिहितो, माणसांच्या पोटातले काढून घेण्याचा मला थोडाफार सराव आहे. ही गोष्ट मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकली. माझी मुलगी इंग्रजीत सांगता सांगता मध्येच थांबली. नातीने आपली थाळी थोडी बाजूला सरकवली, तेव्हा आत्या तिच्यावर खेकसली, “तू खा गं. तुला कोण विचारतंय? एवढा तीन तास धूर खाल्लास.” आणि मग आमच्याकडे वळून, “पण मटणात गूळ घालतात हे मला काही पटत नाही.”

पंचवीसला सकाळी देग आली. सर आले, ताटे घेऊन आले, बिर्याणी दोनदा वाढून घेतली. नातीने त्यांना मराठीत सांगितले, की हे सगळे नवीन भांड्यात आहे, मी स्वतः पाहिले. ते म्हणाले, “बेटा, तुझ्या आजोबांनी सांगितलंय.”

हाड राहिले होते. अमेरिकेत त्याचे वाटाण्याच्या डाळीबरोबर सूप करतात. सव्वीसला आम्ही ते मसुरीबरोबर कुकरला लावले. लसूण, चार मिरे, मीठ अजिबात नाही, कारण हाडातच ते भरपूर असते. सहा शिट्ट्या. ज्वारीच्या भाकरीबरोबर ते हॅमपेक्षाही बरे लागले, हे मी नातीला सांगितलेले नाही. घमेली नीट घासून माळ्यावर ठेवली आहेत, वर खडूने खूण करून.